उसाचा फड, बिबट्या आणि थर्मल दुर्बीण: एक प्रकरण

तीन एकर ऊस तोडायचा होता आणि मुकादम कोयता लावायला तयार नव्हता.

जुन्नर तालुक्याच्या पूर्वेकडचं, कुकडीच्या कालव्याखालचं गाव. ८६०३२ जातीचा ऊस, बारा फूट उंच, साडेचार फुटी सरी, वाऱ्याने मधेमधे लोळलेला. कारखान्याची तोड आली होती. टोळी बीड जिल्ह्यातली, आठ कोयते. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, म्हणजे सोळा माणसं आणि त्यांची लेकरं. त्यांच्या खोप्या फडाच्या पूर्वेला पडीक रानात पडल्या होत्या, उसापासून हाकेच्या अंतरावर. पश्चिमेला ओढा, त्याच्या काठाने बाभळी आणि घाणेरी. उत्तरेला शेजाऱ्याचा कांदा. दक्षिणेला कालव्याचा रस्ता, आणि रस्त्याच्या कडेला मालकांची वस्ती.

टोळी आली त्याच्या दुसऱ्या सकाळी पाटाच्या ओल्या मातीत ठसे दिसले. वस्तीवरचं कुत्रं आधीच गायब होतं. मुकादमाने पाय पुसले, खोपीसमोर बसला आणि मालकांना म्हणाला, "अण्णा, आधी आत वाघ हाय का न्हाई ते सांगा. मंग कोयता लावतो."

तोड पुढे ढकलली की कारखान्याच्या यादीतला आपला नंबर जातो. नंबर गेला की ऊस वाळतो, वजन घटतं, आणि टोळी दुसऱ्याच्या फडात जाते. इकडे टोळीने उचल घेतलेली, टनावर मजुरी, बसून राहिलं तर त्यांचंही नुकसान. दोन्हीकडून घाई होती. अशा वेळी मालकांच्या पुतण्याला आपली थर्मल, म्हणजे उष्णतेवरून चित्र दाखवणारी, दुर्बीण आठवली. तो चाकणला नोकरी करतो, रात्रीचे प्राणी-पक्षी बघायचा नाद आहे, त्यासाठी लाखाच्या वर पैसे घालून त्याने ती घेतली होती. मी त्याच्याबरोबर अधूनमधून हिंडतो आणि वनविभागाच्या लोकांशी ओळख आहे, म्हणून मलाही बोलावणं आलं. सगळ्यांची समजूत एकच होती: अंधार पडला की दुर्बीण उसावरून फिरवायची, आत बिबट्या असेल तर चमकेल, नसेल तर सकाळी तोड सुरू.

ही समजूत एकट्या त्या वस्तीची नाही. उसात बिबट्या असणं इथे जुनं आहे. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे ही कुकडी प्रकल्पाची पाच धरणं झाली, जिरायत रानं बागायत झाली आणि वर्ष-दीड वर्ष उभ्या राहणाऱ्या उसाने बिबट्याला आडोसा दिला. खाणं वस्तीवर मिळतंच. शेजारच्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी कॅमेरे लावून केलेल्या अभ्यासात दर शंभर चौरस किलोमीटरला ४.८ प्रौढ बिबटे निघाले, तेही चौरस किलोमीटरला तीनशेच्या वर माणसं राहतात अशा शेतीच्या मुलखात. त्यांच्या खाण्यात वजनाच्या हिशेबाने सर्वांत मोठा वाटा पाळीव आणि भटक्या कुत्र्यांचा होता, ३९ टक्के. २००१ नंतरच्या दोन-तीन वर्षांत जुन्नर भागात माणसांवरचे हल्ले एकदम वाढले. पकडलेला बिबट्या दुसरीकडे नेऊन सोडायचा हा तेव्हाचा उपायच अंगाशी आला, असं पुढे अभ्यासकांनी दाखवलं. माणिकडोहचं बिबट निवारा केंद्र त्याच काळातलं.

थर्मलचं नाव गावोगाव झालं ते अलीकडे. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यात पिंपरखेड परिसरात थोड्या दिवसांत तीन जीव गेले. लोक रस्त्यावर उतरले, आणि शेवटी रात्री थर्मल ड्रोनच्या मदतीने माग काढून एका बिबट्याला गोळी घातली गेली. टीव्हीवर ती काळी-पांढरी चित्रं सगळ्यांनी पाहिली. त्यानंतर 'थर्मल आणा' ही मागणी ग्रामपंचायतीपासून चहाच्या टपरीपर्यंत ऐकू येऊ लागली. चित्रात मोकळं रान किती होतं आणि उभा ऊस किती, हे बघायला कुणाला वेळ नव्हता.

दुर्बिणीला काय दिसतं

प्रत्येक वस्तू तिच्या तापमानाप्रमाणे किरण बाहेर टाकत असते. माणूस, बिबट्या, दगड, उसाचं पान, सगळेच. आपल्या रोजच्या तापमानाला या किरणांचा जोर ८ ते १४ मायक्रॉन तरंगलांबीच्या पट्ट्यात असतो; मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. डोळ्यांना ते दिसत नाहीत, हवा मात्र त्यांना बऱ्यापैकी जाऊ देते. काच जाऊ देत नाही. म्हणून या दुर्बिणीचं पुढचं भिंग काचेचं नसतं, जर्मेनियमचं असतं, आणि किमतीचा एक भाग तिथेच जातो. पुतण्याने पहिल्याच संध्याकाळी जीपमध्ये बसून काच वर असताना दुर्बीण लावली. त्याला स्वतःच्याच चेहऱ्याची धूसर सावली दिसली आणि बाकी अंधार. काच खाली केल्यावर रान उजळलं.

आतला सेन्सर तापमान मोजत बसत नाही, शेजारच्या दोन ठिकाणांतला फरक दाखवतो. चांगल्या सेन्सरला अंशाच्या पंचविसाव्या-चाळिसाव्या हिश्श्याइतका फरकही कळतो. तरी फरक लागतोच. दिवसभर तापलेला सिमेंटचा हौद, विहिरीवरची मोटर, उकिरडा, डांबरी रस्ता हे सगळं सूर्य मावळल्यावर कितीतरी वेळ पांढरं दिसत राहतं. आणि बिबट्याच्या अंगावर केस आहेत. आतली ऊब केसांखाली राहते, बाहेर थोडीच येते. तोंड, कान, पोट आणि पायांची आतली बाजू उजळ दिसते, पाठ मळकट. संध्याकाळी आणि सकाळी एक वेळ अशीही येते, जेव्हा तापणारी-निवणारी जमीन आणि जनावर दोन्ही एकाच पातळीवर येतात आणि दहा पावलांवरचं जनावरही चित्रात विरघळतं. नेमक्या याच वेळी बिबट्याही हालचाल करतो आणि माणसंही.

पुतण्याच्या दुर्बिणीचा सेन्सर ३८४ गुणिले २८८ ठिपक्यांचा, ठिपका १२ मायक्रॉनचा, भिंग ३५ मिलिमीटर. खोक्यावर लिहिलेलं की उभा माणूस १८०० मीटरवरून ओळखू येतो. हिशेब करून बघा. १२ मायक्रॉनला ३५ मिलिमीटरने भागलं की कळतं, शंभर मीटरवर एक ठिपका साधारण साडेतीन सेंटिमीटर झाकतो. १८०० मीटरवर तोच ठिपका साठ सेंटिमीटरच्या पुढे जातो, म्हणजे अख्खा माणूस उभ्याने तीन ठिपक्यांत बसतो. काहीतरी गरम आहे एवढं त्यातून कळेल. तो माणूस आहे, बैल आहे की कुणी पेटवलेली शेकोटी आहे हे कळणार नाही. या क्षेत्रात १९५८ पासून चालत आलेला जॉन्सनचा ठोकताळा असा: काहीतरी आहे हे कळायला आकाराच्या उंचीत दोन ठिपके, कुठल्या जातीचं आहे हे कळायला आठ, आणि नेमकं काय आहे ते सांगायला तेरा. बिबट्याची खांद्यापर्यंतची उंची साठेक सेंटिमीटर धरली, तर पहिला टप्पा ८७० मीटर, दुसरा २२० आणि तिसरा १३५ मीटरच्या आसपास येतो. तोही स्वच्छ, कोरड्या हवेत. जाहिरातीत पहिला आकडा छापतात. शेतकऱ्याला लागतो तिसरा.

आणखी एक गोष्ट दुकानदार सांगत नाही. या दुर्बिणीला डोळ्यांची भोकं दोन असली तरी बहुतेकांना पुढे भिंग एकच असतं, सेन्सर एकच. दोन्ही डोळ्यांना तेच चित्र मिळतं. साध्या दुर्बिणीत जवळ-लांब याचा जो अंदाज आपोआप येतो तो इथे येत नाही. याचा त्रास पुढे झाला.

तिसरी सरी

पहिल्या रात्री जेवणं झाल्यावर वस्तीच्या गच्चीवर मालक, मुकादम, पुतण्या, मी आणि नको असताना आलेली आठ-दहा माणसं जमली. पुतण्याने दुर्बीण उसावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवली. करड्या रंगाची सपाट चादर. मधे एका ठिकाणी पांढरा ठिपका होता, तो उडून गेला. पिंगळा असावा.

"न्हाई मंग," कुणीतरी म्हणालं. "साफ हाय."

मी मालकांच्या धाकट्याला खाली पाठवलं. दिवट्या धरून दोघं जण त्याच्यासोबत, आणि तोही कालव्याच्या बाजूने, वस्तीला लागून. उसाच्या कडेला तो उभा राहिला तेव्हा दुर्बिणीत डोक्यापासून पायापर्यंत पांढरा लख्ख दिसत होता. एक सरी आत गेला तर तुकडे झाले: एक खांदा, अर्धा चेहरा. दुसऱ्या सरीत पानांच्या फटीतून हात हलवला तेव्हा काहीतरी हललं. तिसऱ्या सरीत त्याने हाक मारली, "दिसतोय का?" आवाज स्पष्ट आला. चित्रात करडी चादर.

गच्चीवर कुणी बोललं नाही. मग मुकादमाने दुर्बीण मागून घेतली, स्वतः पाहिलं, आणि म्हणाला, "उभं पोरगं दिसंना, तर बसलेला वाघ काय दिसनार?"

या प्रकरणातलं सगळ्यात कामाचं वाक्य हेच होतं, आणि ते त्याने पाच मिनिटांत काढलं. पानापलीकडचं या दुर्बिणीला दिसत नाही. पानाचं स्वतःचं तापमान दिसतं, त्याच्यामागे काय आहे ते नाही. गंमत म्हणजे पातळ काळं पॉलिथिन ती आरपार बघते, पण उसाचं हिरवं पान तिच्यासाठी भिंत आहे. त्यामुळे फडावरून दुर्बीण फिरवून 'आत काही नाही' असं म्हणणं म्हणजे बंद दार बघून घरात कुणी नाही म्हणण्यासारखं. आणि तेवढ्यावर विसंबून पहाटे चारला कोयते आत गेले असते.

म्हणून प्रश्नच बदलावा लागला. आत आहे का, हे सोडून दिलं. ठसे होते, कुत्रं गेलं होतं. आहे असंच धरायचं. मग विचारायचं ते असं: ते कुठल्या कोपऱ्यातून बाहेर पडतं, किती वाजता, आणि त्या वेळी त्या बाजूला आपलं कोण असतं. हे प्रश्न दुर्बिणीच्या आवाक्यातले होते, कारण उसाच्या कडा मोकळ्या होत्या.

त्याच रात्री वनविभागाच्या १९२६ या मदत क्रमांकावर कळवलं. दुसऱ्या दिवशी वनरक्षक येऊन ठसे बघून गेले, ओढ्याच्या कोपऱ्यावर आणि पाटावर ट्रॅप कॅमेरे, म्हणजे जनावर पुढून गेलं की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे, लावले. बिबट्या १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्याला हुसकायला, पकडायला आपण जायचं नाही, हे त्यांनी गच्चीवरच्या गर्दीला दोनदा सांगितलं. फटाके लावू नका हेही सांगितलं, कारण हंगामाच्या या दिवसांत आत पिल्लं असण्याची शक्यता असते आणि फटाक्यांनी आई जाते, पिल्लं मागे राहतात. कुणाला ते आवडलं नाही. फटाके लावले की काहीतरी केल्यासारखं वाटतं.

कडेवर नजर

बसायची जागा गच्चीवरून हलवून ओढ्याच्या अंगाला, विहिरीवरच्या मोटरघराच्या छतावर नेली. तिथून ओढ्याचा कोपरा सुमारे १२० मीटर, म्हणजे तेरा ठिपक्यांच्या टप्प्याच्या आत. या अंतरावर दुर्बिणीत एका वेळी जेमतेम सोळा मीटर रुंदीचं रान मावतं. त्यामुळे तिच्यातून सतत बघत राहणं हे काम नाही, सावकाश कडेकडेने फिरवायची, डोळे मिटायचे, पुन्हा फिरवायची. अधूनमधून आत 'टक्' असा बारीक आवाज होतो आणि चित्र क्षणभर गोठतं. सेन्सर स्वतःला जुळवून घेत असतो. नवख्याला वाटतं बिघडली.

काय काय दिसलं! ससे तर विचारू नका, कांद्याच्या वाफ्यात गोट्या सांडल्यासारखे. बांधावरून कांडेचोर गेला, शेपटीसकट स्पष्ट. ओढ्यात कोल्हा. विजेच्या खांबावर गव्हाणी घुबड बसलेलं, साध्या डोळ्यांना खांबसुद्धा दिसत नव्हता. टिटवीची जोडी वाफ्याच्या कडेला बसून होती. ती उठून ओरडली की बिघडलेली बाजू कुठली ते दुर्बिणीआधी कळायचं. मी तरी टिटवीवर जास्त भरवसा ठेवतो.

अंतराची फसगत मात्र एकदा चांगलीच झाली. बांधाच्या रेषेवर लांबट, खाली वाकून चालणारं जनावर दिसलं आणि पुतण्या कुजबुजला, "आला." मुकादमाच्या हातातली काठी सरळ झाली. चाल मांजराचीच होती, यात शंका नव्हती. पण ते जनावर विजेच्या खांबाच्या पुढून गेलं आणि खांबाच्या बुंध्याच्या रुंदीपेक्षा थोडंच लांब भरलं. वस्तीवरचं मांजर होतं, तीस-पस्तीस मीटरवर. लांबचा बिबट्या आणि जवळचं मांजर चित्रात सारख्याच मापाचे दिसतात, चालही सारखीच. तेव्हापासून दिवसा उजेडी चार-पाच खुणा पायांनी मोजून ठेवल्या: खांब, हौदाची भिंत, वाकडी बाभूळ, पाटाचं दार. जनावर कुठल्या खुणेच्या पुढे आहे, कुठल्या मागे, हे आधी बघायचं आणि मग तोंड उघडायचं.

खरा बिबट्या आला तेव्हा चर्चेची गरज पडली नाही. ओढ्याच्या कोपऱ्यावर उसाची कड जिथे घाणेरीला भिडते तिथून आधी उजळ तोंड बाहेर आलं आणि तसंच थांबलं, बराच वेळ. मग खांदे, मग लांब मळकट पाठ, आणि शेवटी शेपटी. तिचं टोक वर वळलेलं. वाकड्या बाभळीच्या पुढून ते ओढ्यात उतरलं. टिटव्या त्यानंतर ओरडल्या. पहाटे, दव पडून चित्र मळायच्या आत, ते त्याच कोपऱ्यातून परत आत गेलं. पुढच्या रात्रीही तसंच. नर की मादी हे दुर्बीण सांगत नाही. ट्रॅप कॅमेऱ्यातल्या फोटोवरून वनविभागाने मादी असल्याचं सांगितलं, आणि रोज त्याच जागी परत येते यावरून आत पिल्लं असावीत असा अंदाज बांधला.

आता तोडीचं बोलता आलं. कालव्याच्या, म्हणजे वस्तीच्या बाजूने सुरुवात करायची आणि ओढ्याकडे सरकत जायचं, म्हणजे तिला मागे निघून जायला वाट राहील. चारी बाजूंनी तोडत आत गेलं की मधे कोंडलेलं जनावर माणसांच्या अंगावरून बाहेर पडतं. खोप्या पडीक रानातून हलवून वस्तीजवळ, रस्त्याच्या लाईटीखाली आणायच्या. आणि उजाडल्याशिवाय कोयता लावायचा नाही.

शेवटच्या मुद्द्यावर घोडं अडलं. पहाटे चारला सुरू केलं तर ऊन चढेपर्यंत गाडीभर माल होतो. सातला सुरू केलं तर तेवढाच माल व्हायला दुपार होते, गाडी खाली थांबते, कारखान्याकडून बोलणी बसतात, आणि टनाचे पैसे टोळीचे बुडतात. "वाघापासून वाचायचं अन् उपाशी मरायचं," एक बाई म्हणाली, आणि तिचं चुकलं नव्हतं. बरीच खेचाखेच होऊन मालकांनी तेवढ्या दिवसांचा फरक द्यायचं कबूल केलं, कारखान्याच्या शेतकी विभागाच्या माणसाने गाडी उशिरा लावायचं मान्य केलं. दुर्बिणीच्या किमतीपुढे तो फरक काहीच नव्हता. तरी तो निघायला जितका वेळ लागला तितका दुर्बीण घेताना लागला नसेल.

लाईटीचंही तसंच. शेतीपंपाची वीज पाळीने कधी दिवसा, कधी रात्री. रात्रीची पाळी असली की शेतकरी बॅटरी घेऊन उसात दारं धरायला, म्हणजे सरीसरीला पाणी वळवायला जातो, वाकून, एकटा, पाण्याच्या आवाजात. त्या माणसाच्या हातात थर्मल देऊन उपयोग नाही. दोन्ही हात फावड्यावर असतात. दिवसा वीज मिळावी ही इथली मागणी बिबट्यामुळे जास्त कळकळीची झाली आहे.

घोणस दिसत नाही

मोटरघराच्या छतावरून उतरताना एक गोष्ट पुतण्याच्या लक्षात आली. उजळ पडद्याकडे बघून डोळे दिपलेले असतात, त्यामुळे दुर्बीण खाली घेतली की पायापुढचं काहीच दिसत नाही. आणि पायापुढे पाचट होतं. साप थंड रक्ताचा, त्याचं अंग जमिनीच्याच तापमानाला येतं. घोणस पाचटात वेटोळं करून बसली असेल तर पन्नास मीटरवरचा ससा दाखवणारी ही दुर्बीण तिला पाच फुटांवरून दाखवणार नाही. ऊसतोडीच्या माणसाला रात्री सापाचा धोका काही कमी नसतो, पण त्याची चित्रं टीव्हीवर येत नाहीत. बघणाऱ्यासोबत दुसरा माणूस हवाच, बॅटरी, काठी आणि पायात बूट असलेला, आणि त्याने दुर्बिणीत डोकावायचं नाही असं ठरलं. मुकादमाने त्या कामावर आपल्या भाच्याला नेमलं. त्याला डोकवायचा मोह फार होता.

गर्दीचंही बोललं पाहिजे. दुर्बिणीत चित्रण करायची सोय असते. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पहिल्या रात्रीचा पांढरा ठिपका, तोच पिंगळा, 'अमुक गावात बिबट्या' म्हणून मोबाइलवर फिरत होता आणि संध्याकाळी तीन गावांची पोरं मोटरसायली घेऊन फडाच्या कडेला उभी होती. अंधारात उसाच्या कडेला तीस-चाळीस माणसं हा बिबट्याइतकाच धोका. पुढे पुतण्याने कार्ड काढून ठेवलं. माझं मत विचाराल तर वस्तीवर वापरायच्या दुर्बिणीत चित्रण बंदच ठेवावं. जागा कळली की बघे येतात, आणि कधीकधी वाईट हेतूचे लोकही. शिकाऱ्याच्या हातातही हेच यंत्र असतं.

शेवटची पट्टी

ओढ्याकडची शेवटची पट्टी तोडताना दोन पिल्लं निघाली. पाचटाखाली, डोळे उघडलेली, मांजराएवढीसुद्धा नाहीत. बाईने कोयता बाजूला टाकला आणि ओरडून सगळ्यांना मागे घेतलं. वनविभागाचे लोक आणि पशुवैद्यक आले, पिल्लं तपासली, आणि या भागात अनेक वर्षं चालत आलेली पद्धत केली: संध्याकाळी पिल्लं त्याच जागी क्रेटमध्ये ठेवायची, माणसं लांब न्यायची आणि आईला येऊ द्यायचं.

या कामाला मात्र ही दुर्बीण खरोखर लागते. बॅटरी मारायची नाही, लाल दिवाही नको. हिच्यातून कसलाच प्रकाश बाहेर पडत नाही. वनरक्षक आणि पुतण्या मोटरघराच्या छतावर, बाकी सगळे वस्तीवर दारं लावून. तोडलेलं रान आता मोकळं होतं, त्यामुळे क्रेट सरळ दिसत होतं. जाड प्लॅस्टिकमधून आतलं दिसत नाही, पण बाजूच्या फटींतून ऊब बाहेर येत होती. चार पांढरे आडवे ओरखडे, मधेच लांबणारे, मधेच तुटणारे.

ती अंधार पडून बराच वेळ झाल्यावर आली. थेट आली नाही. ओढ्याच्या काठाने अर्धा वळसा घातला, बसली, उठली, वाऱ्याच्या दिशेला तोंड केलं. मग क्रेटपाशी येऊन पंजाने ते कलतं केलं. पुढे काय झालं ते दुर्बिणीतून नीट सांगता येत नव्हतं, कारण आईचं तोंड आणि पिल्लाचं अंग सारखंच उजळ, दोन्ही एकमेकांत मिसळून एक गोळा झाला. गोळा ओढ्याकडे गेला. पुतण्या म्हणाला, दोन्ही नेली. वनरक्षक म्हणाले, एकच. क्रेटच्या फटीत ऊब दिसत होती, पण पिल्लू गेल्यावरही क्रेट काही वेळ कोमट राहतंच. उतरून बघायला जायचं नाही, असं वनरक्षकांनी बजावलं. ती परत आली तेव्हा वाद मिटला. सकाळी क्रेट रिकामं होतं आणि तिथे लावलेल्या ट्रॅप कॅमेऱ्यात दोन्ही फेऱ्या होत्या, दर फेरीला एक पिल्लू.

ऊस गेला. मादी पिल्लं घेऊन ओढ्यापलीकडे गेली असावी. तिकडे शेजाऱ्याचा चार एकर ऊस उभा आहे आणि त्याची तोड पुढच्या पंधरवड्यात आहे. टोळी तीच. शेजारी दुर्बीण मागायला वस्तीवर आला, एकदा माझ्या फडावरून फिरवा म्हणाला. उत्तर मुकादमानेच दिलं. "उसावर फिरवून काय उपेग न्हाई, मालक. वढ्याची बाजू शेवटाला ठिवा, सूर्य उगवल्यावर तोड लावू, अन् खोप्या तुमच्या लाईटीखाली टाकू द्या."

लाईटीचं बिल कुणी भरायचं, असं शेजाऱ्याने विचारलं. ते अजून ठरलेलं नाही.